जोडीनं की रांगेनं

दोन तारा घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे एकूण चार. आता या चार टोकांना १ ते ४ असे क्रमांक द्या.

काम इतकं सोपं आहे की ते चुकणं शक्यच नाही. आणि खरोखरच ते कुणी चुकत नाही. अडचण एवढीच की दोघांना सांगितलं तर दोघंही बरोबर करतात आणि दोघांची उत्तरं निराळी येतात. पहिला म्हणतो, वरच्या तारेचं डावं टोक १, तिचंच उजवं टोक २; खालच्या तारेचं डावं ३, उजवं ४. दुसरा म्हणतो, आधी डावी बाजू उरकून घेऊ: वरचं १, खालचं २, मग उजवीकडे वरचं ३, खालचं ४. पहिल्याच्या हिशेबात १ ची जोडी २ शी, दुसऱ्याच्या हिशेबात ३ शी. आणि दोघांनाही आपलं उत्तर इतकं उघड वाटतं की ते कुठं लिहून ठेवावं हे कुणाच्या मनातही येत नाही.

सिग्नल इंटिग्रिटी नावाच्या धंद्यावर माझं पोट चालतं. तिथं या दोन पंथांशी रोज गाठ पडते. मी आपला त्यांना मनातल्या मनात जोडीवाले आणि रांगवाले म्हणतो.

धंदा काय, ते थोडक्यात सांगतो. संगणकाच्या बोर्डावर तांब्याच्या बारीक रेघा असतात, त्यांना आम्ही ट्रेस म्हणतो. सेकंदाला अब्जावधी बिट धावायला लागले की ही रेघ साधी तार राहत नाही. पाठवलेल्या लहरीचा काही भाग आल्या वाटेनं परत येतो, काही शेजारच्या रेघेत झिरपतो, काही बोर्डाच्या मटेरियलमध्ये उष्णता होऊन संपतो. उरलेला पलीकडं पोचतो. बोर्ड छापून झाल्यावर हे कळलं तर लाखांचा चुराडा होतो, म्हणून आधी सगळं सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघायचं. त्यासाठी कनेक्टरवाला आपल्या कनेक्टरचं मॉडेल देतो, केबलवाला केबलचं, चिपवाला पॅकेजचं. मॉडेल म्हणजे आकड्यांनी भरलेली एक फाइल. प्रत्येक टोकातून, म्हणजे पोर्टातून, एकेक लहर आत सोडली तर त्या पोर्टासकट सगळ्या पोर्टांवर किती आणि किती उशिरानं उमटते, त्याचा तो ताळेबंद. त्या आकड्यांना एस-पॅरामीटर म्हणतात. १९६५ मध्ये कुरोकावा नावाच्या संशोधकानं त्यामागचं गणित नीट मांडलं आणि १९६७ च्या सुमारास ह्युलेट-पॅकार्डनं आपल्या मासिकातून आणि उपकरणांतून ते घरोघरी, म्हणजे प्रयोगशाळोप्रयोगशाळी, पोचवलं.

एस-२१ म्हणजे १ मध्ये घातलं आणि २ मधून निघालं ते. आधी निघाल्याचा क्रमांक, मग घातल्याचा. हे उलटं का, असं नवीन पोरं विचारतात. मॅट्रिक्सचा तसा रिवाज आहे, असं उत्तर देऊन मी चहाला जातो.

या फायलीला टचस्टोन फाइल म्हणतात. १९८० च्या दशकात ईईसॉफ नावाच्या अमेरिकन कंपनीचं त्याच नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्याची ही फाइल. ईईसॉफ पुढं ह्युलेट-पॅकार्डनं घेतली, तिथून ती १९९९ मध्ये ॲजिलेंटकडे आणि २०१४ मध्ये कीसाइटकडे गेली. फायलीची रीत मात्र सगळ्या जगानं उचलली. चार पोर्टांची फाइल असेल तर तिच्या नावाच्या शेवटी .एस४पी असतं, बारांची असेल तर .एस१२पी. उघडली की वरच्या काही ओळी उद्गारचिन्हानं सुरू होतात. उद्गारचिन्हानंतरचं काहीही सॉफ्टवेअर वाचत नाही, ते माणसांसाठी. मग एक ओळ हॅशच्या खुणेची: गिगाहर्ट्झ, एस, एमए, आर ५०. म्हणजे फ्रिक्वेन्सी गिगाहर्ट्झमध्ये, पॅरामीटर एस जातीचे, आकडे मोठेपणा आणि कोन अशा जोडीत, आणि संदर्भ ५० ओहमचा. त्याखाली नुसते आकडे. चार पोर्ट असतील तर दर फ्रिक्वेन्सीला चार ओळी, प्रत्येक ओळीत चार जोड्या. फ्रिक्वेन्सी हजारभर असल्या तर खाली खाली जात राहा. दशांशचिन्हापुढं सहा-सहा, आठ-आठ स्थळं. हे मोजणारं उपकरण एखाद्या बंगल्याच्या किमतीचं असतं, आणि मोजण्याआधी ते तासभर तापवतात, कॅलिब्रेट करतात, केबल हलू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेतात.

एवढ्या सोवळ्यात तयार झालेल्या फायलीत १ नंबरचं टोक कुठलं, हे मात्र नसतं.

परवा आमच्याकडची एक नवीन मुलगी लॅपटॉप उघडा धरूनच आली. “सर, ही केबल तुटलीय.”

“कशावरून?”

“एस-२१ बघा ना. सुरुवातीलाच उणे साठ डीबी. काहीच पलीकडे जात नाहीये.”

“एस-३१ लाव.”

तिनं लावला. आलेख शून्य डीबीपासून निघून अगदी शांतपणे उतरत गेला, चांगल्या घरच्या केबलसारखा. ती दोन क्षण बघत राहिली. “म्हणजे यांनी डावी बाजू आधी संपवलीय?”

“हो. रांगवाले.”

“मग लिहायचं नाही का तसं?”

मी उद्गारचिन्हाच्या ओळी दाखवल्या. फाइल कुठल्या सॉफ्टवेअरनं, कुठल्या तारखेला, किती वाजून किती सेकंदांनी बनवली ते सगळं होतं. बनवणाऱ्याच्या संगणकावर ती कुठल्या फोल्डरात होती तेही होतं. त्या फोल्डराचं नाव ‘फायनल-फायनल-३’ होतं.

सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीला कोण कुणाकडं पोचतंय ते बघायचं, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. तांबं हे शेवटी तांबं आहे, शून्याजवळ ते या टोकाचं त्या टोकाला इमानदारीनं पोचवतंच. वाटेत कपॅसिटर बसवला असेल तर शून्याजवळ काहीच जात नाही, मग जरा वर सरकून बघायचं. चार पोर्ट असतील तर त्यांच्या जोड्या लावायच्या रीती तीनच, त्यामुळे शोध लगेच लागतो. आठ पोर्टांच्या १०५ होतात. बारा पोर्टांच्या १०,३९५. एवढ्या कुणी बघत नाही. जोडीनं लावून बघतो, नाही जमलं तर रांगेनं, आणि तरीही नाही जमलं तर मग ज्यानं फाइल पाठवली त्याला शिष्टाचार सांभाळून पत्र लिहितो.

या घोटाळ्याचा खरा त्रास असा की तो कुठल्याच तपासणीत पकडला जात नाही. मॉडेल हाती आलं की आम्ही त्याच्या बऱ्याच चाचण्या घेतो. ते स्वतःहून ऊर्जा तयार करत नाही ना, कारणाआधी परिणाम दाखवत नाही ना, १ कडून २ कडे जितकं जातं तितकंच उलट येतं ना. क्रमांकांची अदलाबदल केलेलं मॉडेल या सगळ्या परीक्षा पहिल्या श्रेणीत पास होतं, कारण मॅट्रिक्सच्या ओळी आणि रकाने एकाच रीतीनं हलवले तर गणिताच्या दृष्टीनं काहीही बदलत नाही. पोर्टाला काय म्हणतात याच्याशी निसर्गाला कर्तव्य नाही, ते आपल्याला आहे.

आता दोघांपैकी बरोबर कोण? एरिक बोगाटिन हे या विषयातले जगभर वाचले जाणारे शिक्षक. ते जोडीवाल्यांच्या बाजूचे: विषम क्रमांक डावीकडे, सम उजवीकडे. मलाही त्यांचं म्हणणं पटतं. दोन तारांच्या जागी तीन झाल्या तरी जोडीच्या रीतीत जुने क्रमांक हलत नाहीत; नवी तार ५ आणि ६ घेऊन गप्प बसते. एस-२१ म्हणजे सरळ पलीकडे गेलेलं, हा अर्थ कायम राहतो. रांगेत मात्र १ चा जोडीदार कोण हे एकूण तारा किती त्यावर ठरतं. दोन असतील तर ३, चार असतील तर ५, सहा असतील तर ७. घरात माणूस वाढलं की सगळ्यांची नाती बदलणार, असला हा प्रकार.

पण रांगवाल्यांनाही त्यांची बाजू आहे, आणि ती ऐकल्याशिवाय त्यांना नावं ठेवू नयेत. चिपच्या पॅकेजचं मॉडेल करणाऱ्यासमोर एकीकडे सिलिकॉनवरचे शेकडो बिंदू असतात आणि दुसरीकडे बोर्डाला लागणारे शेकडो गोळे. तो एक्सेलमध्ये आधी एका बाजूची यादी चिकटवणार आणि तिच्याखाली दुसऱ्या बाजूची. शिवाय काही तारा मधेच दोन ठिकाणी जातात, काही पाच बिंदूंना एकत्र करून जमिनीला टेकतात. तिथं कसली जोडी आणि कसलं काय? आणि डावीकडे म्हणजे तरी कुठं? केबल उलटी धरली की सगळी डावी टोकं उजवी होतात.

दादर स्टेशनवर वर्षानुवर्षं दोन ‘एक नंबर’ होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. दोन्ही आपापल्या जागी बिनचूक. पश्चिमेच्या माणसाला त्याच्या एकबद्दल कधी शंका आली नाही, मध्यवाल्यालाही आली नाही. गोंधळ व्हायचा तो मधल्या पुलावर, बाहेरगावच्या पाहुण्याचा. ९ डिसेंबर २०२३ पासून रेल्वेनं ते एका रांगेत आणले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. म्हणजे जे सगळ्यांसाठी सोयीचं झालं, त्याची किंमत एकाच बाजूनं मोजली. दोन मॉडेलं एकमेकांना जोडताना नेमकं हेच होतं. कनेक्टरवाल्याची फाइल निर्दोष, केबलवाल्याची निर्दोष, आणि दोघांच्या मधल्या पुलावर आम्ही. ‘प्रमाण रीत हवी’ यावर सगळ्यांचं एकमत असतं. कुणी बदलायचं, एवढाच मतभेद.

टचस्टोनची रीत सांभाळणारी आयबिस ओपन फोरम नावाची समिती आहे. तिनं २००९ मध्ये दुसरी आवृत्ती काढली, त्यात एक गंमत आहे. जुन्या रीतीत तीन किंवा जास्त पोर्टांचे आकडे ओळीनं लिहितात: ११, १२, १३. पण दोनच पोर्ट असतील तर क्रम ११, २१, १२, २२ असा. मधले दोन उलटे! ज्यानं हे पहिल्यांदा लिहिलं त्याला आपल्या ॲम्प्लिफायरचा गेन लवकर डोळ्यांपुढं हवा असेल, असा माझा आपला अंदाज. केबलच्या बाबतीत दोन्ही आकडे सारखेच, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. ॲम्प्लिफायरची फाइल उलटी वाचली तर मात्र तो मागच्या बाजूनं गाणं मोठं करतो. समितीनं काय केलं? क्रम सुधारला नाही. ‘दोन पोर्ट असतील तर कुठल्या क्रमानं लिहिलंय ते सांगा’ अशी एक नवी ओळ घातली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. जुन्या लाखो फायली कोण बदलणार होतं? लोकांना सवय सोडायला सांगण्यापेक्षा सवयीचं नाव सांगायला लावणं सोपं.

टचस्टोन फायलींच्या कितीतरी आधीपासून हा खेळ स्पाइसमध्ये चालू आहे. स्पाइस हे बर्कली विद्यापीठातलं सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर, लॅरी नेगल यांनी लिहिलेलं आणि १९७३ मध्ये जगापुढं आलेलं. त्यात घटकाची टोकं नावानं नाही, क्रमानं ओळखतात. ट्रान्झिस्टर असेल तर आधी कलेक्टर, मग बेस, मग एमिटर. हातातल्या वस्तूचे पाय कसेही असोत. पुण्याच्या तापकीर गल्लीतून आणलेला बीसी-५४७ सपाट बाजू आपल्याकडे धरली तर याच क्रमानं उभा राहतो. २एन-३९०४ तसाच धरला तर बरोब्बर उलटा. दोघांचं काम जवळपास एक, तोंडं दोन दिशांना.

आणि सातशे एक्केचाळीस! फेअरचाइल्डचा १९६८ चा ऑप-ॲम्प. आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं कधी ना कधी हा आठ पायांचा प्राणी भाजलेला असतो. त्याचा २ नंबरचा पाय म्हणजे उलटं इनपुट, ३ म्हणजे सुलटं, ४ ला उणे पुरवठा, ६ ला आउटपुट, ७ ला अधिक पुरवठा. पण स्पाइसच्या प्रचलित मॉडेलमध्ये १ म्हणजे सुलटं इनपुट, २ उलटं, ३ अधिक पुरवठा, ४ उणे पुरवठा, ५ आउटपुट. नीट बघा: २ आणि ४ जुळतात. सगळेच क्रमांक वेगळे असते तर माणूस सावध झाला असता. दोन जुळले की बाकीचेही जुळत असणार असा भरवसा बसतो, आणि तो सिग्नल ३ नंबरला, म्हणजे मॉडेलच्या वीजपुरवठ्यात, सोडतो. सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. ते तुम्हाला वीजपुरवठ्यात गाणं सोडल्यावर काय होतं त्याचं अचूक उत्तर देतं.

क्रमांकांनी एवढं छळलं तर नावं द्यावीत, असं कुणीही म्हणेल. आम्हीही म्हणालो. एका सामायिक फोल्डरात मग ही नावं जमली: टीएक्सपी०, टीएक्स०_पी, टीएक्स०+, टीएक्स_डीपी_०. चारही एकाच टोकाची. त्यातलं अधिकचिन्ह एका सॉफ्टवेअरला चालत नाही म्हणून त्यानं ते काढून टाकलं, जोडीच्या तारेच्या नावातलं उणेचिन्हही काढलं, आणि दोन टोकांचं नाव एकच झालं. शिवाय टीएक्स म्हणजे पाठवणारा, पण कुणाच्या दृष्टीनं? माझं पाठवणं ते तुमचं घेणं. संगणकाला मोडेम जोडणाऱ्या आरएस-२३२ च्या जमान्यात यावर तोड काढली होती: नाव नेहमी संगणकाच्या बाजूनं वाचायचं. त्यामुळे मोडेमवर ‘पाठवलेला डेटा’ असं लिहिलेल्या पायावर मोडेम बापडा ऐकत बसायचा. तो पाय २ नंबरचा. पुढं २५ पायांचा कनेक्टर आटून ९ पायांचा झाला, तेव्हा २ आणि ३ यांची अदलाबदल झाली. कुणालाच चुकल्यासारखं वाटू नये, एवढीच जणू काळजी घेतली.

काही लोकांनी मात्र या भांडणात पडायचंच नाही असं ठरवलं. संगणकाच्या आतल्या पीसीआय एक्स्प्रेस जोडणीत एकाच सिग्नलच्या अधिक आणि उणे तारा बोर्डावर उलट्या लागल्या तरी घेणाऱ्या चिपनं ते ओळखून सांभाळून घ्यायचं, असा नियमच आहे. यूएसबी-सीची पिन २०१४ मध्ये आली, ती कशीही घाला, आतले चोवीस संपर्क अशा रीतीनं मांडलेत की कुठली बाजू वर आहे ते यंत्र स्वतःच हुडकून काढतं. माणसं एकमतानं वागणार नाहीत हे गृहीत धरून केलेली ही रचना मला मनापासून आवडते. मॉडेलच्या फायलीला मात्र असा चतुर श्रोता मिळत नाही. ती जे लिहिलंय तेच बोलते.

शेवटी आमच्या गटानं आमच्यापुरता नियम केला. जोडीनं क्रमांक द्यायचे, आणि दर पोर्टामागं उद्गारचिन्हाच्या ओळीत त्याचं पूर्ण नाव, कुठल्या कनेक्टरचं, कुठली बाजू, अधिक की उणे, तेवढं लिहायचं. एका पानाचा कागद. जोडीवाले खूश, रांगवाले ‘ठीक आहे’ म्हणाले, आणि सगळं आटोपलं असं वाटत असताना पायथॉनमध्ये काम करणारा पोरगा कोपऱ्यातून म्हणाला, “पण एकपासून का सुरू करायचं?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पायथॉनमध्ये मोजणी शून्यापासून असते, त्यामुळे आमचा एस-२१ त्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘एक, शून्य’ असा असतो, आणि दर वेळी एक वजा करून करून तो कावलेला होता. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी १९८२ मध्ये मोजणी शून्यापासूनच का असावी यावर टिपण लिहिलंय, तेही त्यानं तिथल्या तिथं उघडून दाखवलं. दोघं-तिघं माना डोलवायला लागले. शून्यापासूनचा ठराव जवळजवळ मंजूर झाला होता.

तेव्हा ती केबल तुटल्याचं सांगायला आलेली मुलगी म्हणाली, “सर, पण हे मॉडेल पुढं स्पाइसमध्ये जाणार ना? तिथं शून्य म्हणजे ग्राउंड. शून्य नंबरचं टोक थेट जमिनीत जाईल, आणि एरर पण येणार नाही.”

पायथॉनवाला गप्प झाला. मग म्हणाला, “उणे एकपासून चालेल का?”